तिने चादर उकळली नाही

'मागचं दार' या रहस्यमालिकेत कारखानदाराचा खून झाला, त्याच आठवड्यात आमच्या हिने खुनी कोण नाही ते सांगून टाकलं. खुनी कोण, हे तेव्हा सगळेच सांगत होते. न्हाव्याच्या मते पुतण्या, आमच्या व्याह्यांच्या मते डॉक्टर आणि माझ्या मते माळी. माझ्या मते नेहमी माळीच असतो. एका मालिकेत बागच नव्हती, तरी मी पाच भाग माळ्याची वाट पाहिली होती. पण खुनी कोण नाही एवढंच ठामपणे सांगून पुन्हा भाजी चिरायला घेणारी ही एकटीच.

"बायकोने नाही मारलं त्याला," ती म्हणाली.

"कशावरून?"

"चादर बघितली नाहीत का तुम्ही?"

चादर सगळ्यांनीच पाहिली होती. चौथ्या भागाच्या शेवटी पोलीस न्हाणीघराचं दार ढकलतो, टबातल्या पाण्यातून अजून वाफ निघत असते आणि त्या पाण्यात चादर. मधोमध बशीएवढा तपकिरी डाग. मोठ्याने संगीत वाजतं, कारखानदाराच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडतो आणि लगेच साबणाची जाहिरात लागते.

ही रुग्णालयाच्या धुलाईघरात एकोणतीस वर्षं आहे, त्यातली बारा वर्षं मुकादम. हाताखाली आठ बायका, तीन मोठी यंत्रं आणि रोज साडेचारशे चादरी. तिला डागाची चादर दाखवणं म्हणजे सराफाला अंगठी दाखवण्यासारखं आहे. तो आधी वजन करणार, अंगठीमागची प्रेमकहाणी नंतर.

"रक्त गरम पाण्यात घातलं की शिजतं," ती म्हणाली. "अंडं शिजतं ना, तसं. मग तो डाग जन्मात जात नाही. आधी गार पाणी, मग गरम. आमच्याकडे नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि ही बाई लग्नाआधी कुठे कामाला होती?"

मी डोकं खाजवलं.

"दुसऱ्या भागात सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा घोरत होतात. लाँड्रीत होती ती, सहा वर्षं. सहा वर्षं धुलाईत काढलेली बाई रक्ताची चादर उकळत्या पाण्यात घालेल? अहो, तिने मारलं असतं तर चादर स्वच्छ सापडली असती!"

मला हे पटलं. मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली आहेत आणि मालिकांमधले लोक टपालाशी कसे वागतात ते पाहून मला कितीदा तरी रात्रीचं जेवण गेलेलं नाही.

"म्हणजे ज्याने ती चादर उकळली, त्याने आयुष्यात कधी कपडे धुतलेले नाहीत," मी म्हणालो.

"बरोबर. म्हणजे पुतण्या, डॉक्टर, वकील, कुणीही. घरातला कुठलाही पुरुष." इथे तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "माळी सोडून. तो एकटा राहतो, स्वतःचे कपडे स्वतः धुतो. तिसऱ्या भागात दोरीवर वाळत होते."

अशा रीतीने माझा माळी निर्दोष सुटला.

हे सगळं आमच्या स्वयंपाकघरातच राहिलं असतं. पण लेक माहेरी आली होती. तिने आईचं म्हणणं जसंच्या तसं फोनवर टंकलं आणि 'दाराआडचे डोळे' नावाच्या पानावर टाकून दिलं. 'मागचं दार'च्या चाहत्यांचं हे सगळ्यात मोठं पान. चाळीस हजार माणसं तिथे रोज पुरावे मांडत, एकमेकांची अक्कल काढत. पान चालवणाऱ्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण त्याचा शब्द म्हणजे निकाल. त्याचं मत पहिल्यापासून एकच होतं: खुनी बायकोच. हिच्या मुद्द्याला त्याने पाऊण पान उत्तर दिलं. सारांश असा की, उष्णतेने कुठलाही डाग जातो, गार पाण्याची गोष्ट ही जुन्या बायकांची समजूत आहे, आणि बायकोने चादर उकळली यावरूनच ती किती थंड डोक्याची आहे ते दिसतं. खाली हसणारे पिवळे चेहरे, नऊशे.

"जुन्या बायका म्हणजे कोण गं?" हिने लेकीला विचारलं.

"तू नाही गं आई."

"मीच. दुसरं कोण सांगतंय त्याला?"

तीन दिवसांनी रुग्णालयाचे नवे प्रशासन अधिकारी धुलाईघराच्या तपासणीला आले. वय बत्तीसच्या आसपास, बोलणं मऊ. चष्मा पुसल्याशिवाय कुणाला नाही म्हणायचे नाहीत. हिने त्यांना यंत्रं दाखवली, इस्त्रीचे रूळ दाखवले आणि शेवटी कोपऱ्यातली भिजवणीची टाकी दाखवली. सिमेंटची, छातीएवढ्या उंचीची. शस्त्रक्रियेच्या खोलीतून आलेला प्रत्येक कपडा यंत्रात जाण्याआधी तिथे चाळीस मिनिटं गार पाण्यात पडून राहतो.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं. "यंत्रात गरम पाणी आहेच की. जंतू मरतात, डाग जातो. चाळीस मिनिटं फुकट."

"रक्त शिजतं साहेब," ही म्हणाली. "अंडं शिजतं ना, तसं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे वाक्य," ते म्हणाले, "मी कुठेतरी वाचलंय."

"माझ्या लेकीने लिहिलंय. 'दाराआडचे डोळे'वर."

"ते पान माझं आहे," साहेब म्हणाले.

धुलाईघरात यंत्रांचा एवढा आवाज असतो की शेजारचं माणूस खोकलं तरी कळत नाही. पण हे वाक्य आठही बायकांना ऐकू गेलं. त्यांच्यात जिला सगळे 'नवी' म्हणतात (तिला कामाला लागून अकरा वर्षं झाली, पण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही), ती मागून म्हणाली, "अय्या! म्हणजे ते शहाणे तुम्हीच?"

माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याच वेळी ते हसून वर गेले असते तर गोष्ट मिटली असती. पण चाळीस हजार माणसांसमोर एखादं वाक्य लिहिलं की ते गिळताना घसा लहान पडतो. गार पाण्याची टाकी चालू ठेवली, तर मालिकेतली ती बाई निर्दोष. बाई दोषी, तर टाकी बंद. दुसऱ्या दिवशी कागद खाली आला. भिजवणीची टाकी काढून जागा मोकळी करण्याचा प्रस्ताव होता. नियमाप्रमाणे त्यावर विभागप्रमुखाचा दाखला लागतो, तो आधीच टंकून तयार होता: 'गार पाण्यात कपडे भिजवण्याची आवश्यकता नसल्याचे मी माझ्या एकोणतीस वर्षांच्या अनुभवाअंती प्रमाणित करते.' खाली टिंबटिंब आणि हिचा हुद्दा.

"एकोणतीस वर्षं माझी," ती घरी आल्यावर म्हणाली, "आणि अनुभव त्याचा!"

टाकी गेली तर काय होणार हे तिने मला बोटांवर मोजून दाखवलं. महिन्याभरात शस्त्रक्रियेच्या सगळ्या चादरी तपकिरी होणार. मेट्रन त्या परत पाठवणार. मग वरून विचारणा येणार, की धुलाईघराला धुता येत नाही का? आणि दाखल्यावर सही हिची. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, डाग काढण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्याच नावावर शहरातले सगळ्यात मोठे डाग.

साहेब रोज खाली येऊ लागले. रोज तेच.

"बाई, सहीचं काय झालं?"

"साहेब, दोन चादरी घ्या. एक तुमच्या पद्धतीने धुऊ, एक माझ्या. मेट्रनबाईंना बोलवा बघायला."

"तेवढा वेळ नाही. आणि खरं सांगू? शुक्रवारी शेवटचा भाग आहे. तेव्हा कळेलच, चादर कुणी उकळली ते."

आणि इथे आमच्या हिने, जी दुधवाल्याचा शब्दसुद्धा मापून घेते, आयुष्यातली पहिली घोडचूक केली.

"चालेल," ती म्हणाली. "शुक्रवारी खुनी बायको निघाली तर मी सही करते."

"नक्की?"

"आठ जणींसमोर बोलतेय."

आठ जणींनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकीलाही शंका आली नाही. धुलाईघरात माणूस जास्त वर्षं राहिलं, की जगात सगळ्यांनाच डाग काढता येतात असं त्याला वाटू लागतं. टपाल खात्यात आम्हालाही वाटायचं, की लोक पाकिटावर पत्ता लिहितातच.

मला हे जेवताना कळलं. माझा घास हातात राहिला.

"अगं," मी म्हणालो, "मालिका लिहिणाऱ्याने जन्मात कधी चादर धुतली असेल का?"

तिने वाढलेली पोळी परत डब्यात ठेवली.

"धुतली नसेल," ती म्हणाली. "पण कुणाला विचारलं तर असेल ना?"

"कोणाला विचारणार? पुतण्याला?"

त्या रात्री तिने मालिकेच्या कंपनीला पत्र लिहायला बसवलं मला. सोबत जुन्या चादरीचे दोन तुकडे. एक आधी गार मग गरम पाण्यातून काढलेला, एक सरळ गरम पाण्यातून. रक्त कोंबडीचं. खाटकाने का हवंय विचारलं तर ही म्हणाली, "एका बाईला सोडवायचंय." पार्सल मी स्वतः नोंदणी करून पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभार, आणि सोबत कारखानदाराच्या बायकोचं काम करणाऱ्या नटीचा हसरा फोटो. नवीने तो टाकीच्या वर चिकटवला.

शुक्रवारी आठही जणी आमच्याकडे मालिका बघायला आल्या. खुर्च्या चार, म्हणून बाकीच्या सतरंजीवर. मला दाराशी स्टुलावर बसवण्यात आलं, कारण पुरुष म्हणून मी संशयितांपैकी होतो.

भाग चांगला रंगला. पुतण्या सुटला, डॉक्टर सुटला, माळी तर हसतमुखाने गुलाबाला पाणी घालताना दिसला. मग पोलिसाने बायकोला खुर्चीत बसवलं. ती खाली बघत म्हणाली, "हो. मीच मारलं. चादरीवरचा डाग जावा म्हणून ती उकळत्या पाण्यात घातली. मला वाटलं, जाईल."

संगीत. काळा पडदा. नावं.

आमच्या खोलीत इस्त्रीच्या रुळावर काम करणाऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. कारखानदारासाठी नव्हे, टाकीसाठी. लेकीचा फोन थांबायचं नाव घेईना. 'दाराआडचे डोळे'ने फक्त एक ओळ टाकली होती: "मी काय म्हणालो होतो?" खाली पिवळे चेहरे चार हजार आणि वाढत.

"ताई," नवी हळूच म्हणाली, "आता सही?"

ही अजून काळ्या पडद्याकडेच बघत होती. नावं संपली, बातम्या लागल्या, तरी बघत होती. मग म्हणाली, "'मला वाटलं, जाईल.' हे म्हणाली ती?"

"हो ना."

"सहा वर्षं लाँड्रीत काढलेल्या बाईला असं वाटेल?"

नवीने नकारार्थी मान हलवली.

"तिला हे म्हणायला लावलंय कुणीतरी," ही म्हणाली. "आधी लिहून आणलं आणि सही घेतली. खोटा कबुलीजबाब आहे हा. आणि खोटा आहे हे कळावं म्हणून ती बिचारी चादरीचं बोलली! जी धुलाईतली असेल तिलाच कळेल. आपल्याला सांगत होती ती."

आठही जणींनी एकदम श्वास घेतला. मी टपाल खात्यात असताना असा आवाज एकदाच ऐकला होता, बोनस जाहीर झाला तेव्हा.

"लिही," हिने लेकीला सांगितलं. "मोठ्या अक्षरात लिही. तिने चादर उकळली नाही."

लेकीने लिहिलं. दहा मिनिटांत एका परिचारिकेने तेच वाक्य खाली लिहिलं. मग दुसरीने. मग कुठल्याशा हॉटेलातल्या धुणाऱ्याने, तीन मुलांच्या आईने, दाईने. एक जण म्हणाला, "मी खाटीक आहे. बाई बरोबर बोलतायत." त्यावर कुणाची हसायची हिंमत झाली नाही. बायका घरी जायला निघाल्या तेव्हा दोन हजार माणसांनी तेच एक वाक्य लिहिलं होतं, आणि 'दाराआडचे डोळे' मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे हिचा डबा घेऊन धुलाईघरात गेलो, तर साहेब आलेले. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन. डोळे जरा सुजलेले. झोप झालेली दिसत नव्हती. मेट्रनबाईही होत्या, रोजच्या चादरी मोजून घ्यायला आलेल्या. आठ बायका आपापल्या जागी, पण हात कुणाचेच चालत नव्हते.

"बाई," साहेब म्हणाले, "आता तरी? शब्द दिला होतात."

"दिला होता."

"आठ जणींसमोर."

"आठ जणींसमोर. काय शब्द दिला होता गं नवे?"

"खुनी बायको निघाली तर सही करीन," नवीने पाठ म्हणून दाखवलं.

"मग निघाली का ती?"

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, तिने स्वतः कबूल केलं!"

"कबूल केलं. निघाली नाही. लिहून आणलेलं वाचलं तिने." हिने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि वाचला, सावकाश, शब्द शब्द. "'माझ्या एकोणतीस वर्षांच्या अनुभवाअंती.' हेसुद्धा लिहून आणलेलंच आहे. तिने केला साहेब खोटा कबुलीजबाब. तिचा नाइलाज असेल. मी नाही करणार."

"पण मालिकेनेच दाखवलंय!"

"मालिकेला काय कळतंय धुण्यातलं?"

"बाई, मी तुमच्या सहीशिवायही टाकी काढू शकतो."

"काढा की." तिने त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या हुद्द्यावर आडवी रेघ मारली. "फक्त इथे तुमचा हुद्दा घाला. आणि एकोणतीसच्या जागी तुमची वर्षं. किती चादरी धुतल्यात तुम्ही आजवर?"

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मी डबा छातीशी धरून भिंतीकडे बघितलं. पुरुष म्हणून त्यांना मदत करावी असं क्षणभर वाटलं, पण माझाही आकडा काही सांगण्यासारखा नव्हता.

"मी वसतिगृहात असताना…" त्यांनी सुरुवात केली.

"हो?"

"नाही. तिथे धोबी होता."

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्यांना रागावता आलं असतं. आत्तापर्यंत चादरी मोजत असलेल्या मेट्रनबाई तेवढ्यात मान वर न करता म्हणाल्या, "सही कुणाचीही करा साहेब. शिजलेली चादर मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर घालणार नाही. परत पाठवीन. धुलाईघरात नाही, तुमच्या केबिनमध्ये. एकशे बारा, एकशे तेरा…"

साहेब कागदाकडे बराच वेळ बघत उभे होते. सही करायला जागा मोकळी होती, पेन हिने परत त्यांच्या हातात दिलं होतं. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि "बघतो" म्हणून वर गेले.

संध्याकाळी शिपायाने आदेश आणून दिला. 'पुढील आदेश होईपर्यंत भिजवणीची टाकी चालू ठेवण्यात यावी.' नवीने तो मोठ्याने वाचला आणि घाबरून विचारलं, "पुढचा आदेश कधी येणार?" मी तिला सांगितलं, की मी चौतीस वर्षं सरकारी टपाल वाहिलंय. पुढील आदेश पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. तेव्हा कुठे तिने नळ सोडला.

सोमवारी हिला एक वेगळा कागद मिळाला: वरिष्ठांशी बोलताना संयम न ठेवल्याबद्दल खुलासा करावा. रात्री जेवण झाल्यावर तिने मला खुलासा लिहायला बसवलं. मी सवयीने 'विनंतीपूर्वक सादर करते की' अशी सुरुवात केली.

"खोडा ते."

"अगं, पद्धत असते."

"विनंती कसली? मी काही मागत नाहीये. लिहा: आधी गार, मग गरम. कारण समजून घ्यायचं असेल तर सकाळी साताला खाली यावं, एप्रन इथे मिळेल."

मी लिहिलं. तिने वाचलं, सही केली. या वेळी टिंबांवर, नीट, पूर्ण नाव आणि एकोणतीस वर्षांसकट. मी कागद पाकिटात घातला आणि आवरायला उठलो.

"बसा," ती म्हणाली. "दुसरं घ्या लिहायला."

"आता कुणाला? टाकी तर राहिली."

"टाकी राहिली." तिने दूरदर्शनच्या काळ्या पडद्याकडे हात केला. "पण ती बाई तुरुंगात आहे अजून. त्या कंपनीला लिहा, फोटो मिळाला. फोटो नको, बाई सोडा. आणि या वेळी पुतण्याचे हात तपासा म्हणावं, भाजलेले असतील."